टेम्प्लेट पुश केलं की त्याच शाखा का पडतात? खान्देशातल्या शाखांच्या एसडी-वॅनची एक जुनी डोकेदुखी

लक्षण असं असतं. जळगावला मुख्य कार्यालय, तिन्ही जिल्ह्यांत मिळून पंधरा-वीस शाखा आणि सगळ्यांवर एकच एसडी-वॅन टेम्प्लेट. (एसडी-वॅन म्हणजे सगळ्या शाखांचं जाळं एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरवरून, म्हणजे कंट्रोलरवरून, चालवणं; टेम्प्लेट म्हणजे सगळ्या राउटरांच्या सेटिंगचा एकच साचा.) पतसंस्था असो, ठिबकचं सामान विकणारी कंपनी असो की केळीचा व्यापार करणारी पेढी, मांडणी बहुतेक अशीच. तुम्ही टेम्प्लेटमध्ये एक साधा बदल करता, समजा फायरवॉलचा एखादा नियम, आणि सगळीकडे पुश करता, म्हणजे कंट्रोलरवरून सगळ्या राउटरांवर पाठवता. कंट्रोलरच्या पडद्यावर भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव हिरवे (चालू) राहतात. चोपडा आणि धडगाव लाल होतात. फोन येतो, "भाऊ, नेट परत गयं, दखा ना जरा." तुम्ही शाखेच्या राउटरवर काहीतरी नीट करता, लिंक उठते, सगळे खूश. पुढच्या पुशला पुन्हा त्याच दोन शाखा.

इंटरनेट कंपनीकडे तक्रार टाकून हे सुटत नाही, कारण लिंक बिघडलेलीच नसते. शाखेत हाताने केलेली दुरुस्ती टेम्प्लेटला माहीत नसते, एवढाच घोळ आहे. उपकरण कंट्रोलरच्या ताब्यात दिलं की कंट्रोलरकडची प्रत खरी मानली जाते. पुढच्या पुशला तीच प्रत पुन्हा लिहिली जाते आणि तुम्ही घातलेली ओळ पुसली जाते. काही प्रणालींत तर शाखेवर थेट हात लावताच येत नाही. मग लोक उपकरण टेम्प्लेटमधून सोडवतात, दुरुस्त करतात, पुन्हा जोडतात. परिणाम तोच.

म्हणून शोध घ्यायचा तो एकाच गोष्टीचा: या शाखेला असं काय लागतं जे साच्यात नाही, किंवा साच्यात असं काय आहे जे या शाखेला लागू नाही.

आधी शाखा किती वेळ बंद होती ते बघा

हे कुणी मोजत नाही, पण निम्मं निदान इथेच होतं. पुशनंतर शाखा पडली आणि पाच-सहा मिनिटांत कुणी हात न लावता परत आली, तर तो रोलबॅक आहे. सिस्कोच्या एसडी-वॅनमध्ये नवं कॉन्फिगरेशन घेतल्यावर उपकरणाचा कंट्रोलरशी संपर्क तुटला, तर ते मुळात पाच मिनिटं वाट बघतं आणि जुन्यावर परत जातं. इतर कंपन्यांच्या प्रणालींतही अशी सोय असते, वेळ वेगळी. याचा अर्थ नवं कॉन्फिगरेशन त्या शाखेच्या वॅन पोर्टलाच (राउटरचं इंटरनेटकडचं तोंड) मारक आहे: पत्ता, गेटवे, लॉगिन, व्हीलॅन यांपैकी काहीतरी. शाखा व्यवस्थापक मात्र सांगतो, "गेलं होतं, आपोआप आलं," आणि आपण ते विजेवर किंवा कंपनीवर ढकलून मोकळे होतो. खरं तर त्या शाखेवर तुमचा फायरवॉलचा नियम लागलेलाच नसतो. कंट्रोलरच्या कामांच्या यादीत त्या शाखेपुढे "अयशस्वी" लिहिलेलं सापडेल.

शाखा परत आलीच नाही, किंवा कंट्रोलरवर हिरवी दिसते पण काम होत नाही, तर प्रश्न टनेलच्या, म्हणजे इंटरनेटवरून शाखा जोडणाऱ्या बंदिस्त वाटेच्या, आतला आहे. त्याचं नेहमीचं कारण एमटीयू, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार.

पिंग चालतं, लॉगिनचं पान उघडतं, पुढे चक्र फिरत राहतं

तालुक्याच्या गावांत फायबरची बरीच जोडणी पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) असते. इथरनेटची १५०० बाइटची मर्यादा पीपीपीओईच्या ८ बाइटांमुळे १४९२ होते. राउटर स्वतः पीपीपीओई लावत असेल तर त्याला हे कळतं. पण कंपनीचा माणूस येऊन ओएनटीमध्येच (फायबरच्या टोकाचा कंपनीचा डबा) यूजरनेम-पासवर्ड टाकून जातो आणि आपल्या राउटरला ओएनटीकडून डीएचसीपीने (आपोआप) साधा पत्ता मिळतो. राउटरच्या दृष्टीने पोर्ट १५००चं, पलीकडे वाट १४९२ची. त्यात आयपीसेकचं (टनेलच्या एन्क्रिप्शनचं) वेष्टन चढतं. मोठं पॅकेट मध्येच अडतं. "पॅकेट मोठं आहे, तुकडे कर" हा आयसीएमपी निरोप वाटेतल्या कुठल्यातरी फायरवॉलने गिळलेला असतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला काही समजत नाही. लहान पॅकेटं सुखरूप जातात म्हणून पिंग ठणठणीत. मोठं स्टेटमेंट डाउनलोड करायला घेतलं की अडकलं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. शाखेतल्या विंडोज संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा, तुकडे न करण्याचा पर्याय लावून. पॅकेटचा आकार आधी १४७२ द्या, मग १४६४. विंडोजचा हा आकड्यांचा हिशेब मथळ्याचे २८ बाइट सोडून असतो. १४७२ अडतं आणि १४६४ जातं, तर वाट १४९२ची आहे. ४जीवर याहूनही खाली उतरावं लागू शकतं. ही पिंग टनेलमधून न जाता थेट इंटरनेटवर जातेय याची खात्री करा, नाहीतर भलताच आकडा हाती येईल.

आता शाखेत एमटीयू हाताने बदलला की काम होतं, आणि पुढच्या पुशला जातं. चोपड्याचं दुखणं बहुधा हेच.

यावर बरेच जण एमटीयू व्हेरिएबल करतात, म्हणजे प्रत्येक शाखेसाठी वेगळा भरायचा आकडा. मला ते पटत नाही. वीस शाखांचे वीस आकडे सांभाळायचे, कंपनीने ओएनटी बदलला की पुन्हा मोजायचं, हे कोण करणार? त्यापेक्षा तारेच्या सगळ्या लिंकांवर टनेलचा एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या प्रत्यक्ष मजकुराची कमाल) १३६० असा एकच सुरक्षित आकडा साच्यात पक्का करा. १४९२च्या वाटेवर वेष्टनाला ९२ बाइट उरतात, ते नेहमीच्या एन्क्रिप्शनला पुरतात. ४जीच्या साच्यात १३०० आणि १२६० ठेवा. मोठ्या लिंकवर थोडी कार्यक्षमता जाते, पण ती शाखेतल्या कुणाच्याही लक्षात येणार नाही.

ओएनटीच्या मागचं दुसरं दुखणं

त्याच ओएनटीचा आणखी एक त्रास. तो राउटरला १९२.१६८.१.क्ष असा पत्ता देतो, आणि शाखेचं आतलं नेटवर्कही कुणीतरी पूर्वी १९२.१६८.१.० वरच बांधलेलं असतं. दोन्ही बाजूंना एकच जाळं दिसलं की राउटर गोंधळतो. शाखेत कुणीतरी ओएनटीचा पत्ता बदलून तात्पुरतं भागवतो. मग वीज जाते, ओएनटी रीसेट होतो किंवा बदलला जातो, आणि मूळ पत्ता परत येतो. इथे पुशचा संबंधच नाही, पण दिसायला तीच जुनी तक्रार दिसते. उपाय एकच: शाखांच्या आतल्या पत्त्यांत १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ कधीच वापरू नका.

४जीवर प्रकार वेगळा. तिथे वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामाईक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एक सार्वजनिक पत्ता वाटणारी सोय) आहात. २०१२च्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला आहे. अशी शाखा स्वतःहून जळगावच्या स्थिर पत्त्याकडे टनेल उघडू शकते, त्यात अडचण नाही. पण दोन्ही शाखा सिमेट्रिक (पलीकडचा बदलला की पोर्टही बदलणाऱ्या) नॅटमागे असल्या तर त्यांच्यात थेट टनेल बनत नाही. साचा जर "सगळ्यांनी सगळ्यांशी जोडायचं" असा असेल, तर धडगाव ते तळोदा हा टनेल कायम लाल राहणार, आणि तो लाल दिवा बघून कुणीतरी दर आठवड्याला शाखा रीस्टार्ट करणार. सिस्कोमध्ये धोरण लावलं नाही तर मूळ मांडणी अशी पूर्ण जाळीचीच असते.

हिशेब करून बघा. वीस शाखा म्हणजे १९० जोड्या. प्रत्येकीला दोन लिंका आणि प्रत्येक लिंक प्रत्येकीशी, म्हणजे ७६० टनेल. आणि धडगावच्या शाखेला तळोद्याच्या शाखेशी बोलायचं काय असतं? सगळं काम जळगावच्या सर्व्हरशी. हब (मधलं केंद्र, इथे जळगाव) आणि शाखा अशी मांडणी ठेवा, दुसरा हब हवाच असेल तर धुळ्याला. टनेल मूठभर राहतात आणि लाल दिव्याला काही अर्थ उरतो.

टनेल जिवंत आहे का हे पाहणारे बीएफडीचे ठोके मुळात सेकंदाला एक असतात. एका पॅकेटचे दीडशे बाइट धरले तर एका टनेलचे दिवसाला एका दिशेने सुमारे १३ एमबी होतात. सिमच्या डेटावर हे जड आहे. ४जीच्या साच्यात ठोके पाच-दहा सेकंदांवर न्यायला हरकत नाही. मिनिटांवर नेऊ नका, नॅटमधली नोंद तेवढ्यात पुसली गेली की टनेल तुटेल. आयपीसेकच्या नॅटसाठीच्या जिवंतपणाच्या पॅकेटांचं मूळ अंतर २० सेकंद ठेवलंय ते उगाच नाही.

वीज आल्यावरही शाखा उठत नाही तेव्हा

ही साच्याच्या रचनेतली चूक आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी लपून बसलेली असते. साच्यात डीएनएस म्हणून जळगावच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता दिलेला असतो. एनटीपीही तिथलाच. एरवी चालतं. रात्रभर वीज गेली, राउटरची घड्याळाची बॅटरी संपलेली, सकाळी तो उठला तो जुनी तारीख घेऊन. उपकरणाची ओळख पटवणारं सर्टिफिकेट "अजून वैध नाही" म्हणून टनेल बनत नाही. वेळ नीट करायला एनटीपी हवं, तो टनेलच्या पलीकडे. कंट्रोलरचं नाव शोधायला डीएनएस हवं, तोही टनेलच्या पलीकडे. गाडीच्या डिकीत किल्ली ठेवून डिकी बंद करावी तसं.

वॅनच्या बाजूला सार्वजनिक डीएनएस आणि इंटरनेटवरचा एनटीपी ठेवा, आतल्या संगणकांना मात्र जळगावचा डीएनएस द्या. हे दोन वेगळे विभाग आहेत आणि साच्यात ते वेगळेच लिहिलेले हवेत. व्हेरिएबलची इथे काहीच गरज नाही.

ओएनटी यूपीएसवर आहे का, हेही याच निमित्ताने विचारून घ्या. राउटर यूपीएसवर आणि ओएनटी साध्या सॉकेटवर, हे दृश्य खान्देशात कुठल्याही शाखेत बघायला मिळेल. आणि एप्रिल-मेमध्ये फक्त दुपारी पडणारी शाखा टेम्प्लेटमध्ये शोधत बसू नका. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर जातो, आणि पोटमाळ्यावर ठेवलेल्या साध्या राउटरची क्षमता बऱ्याचदा ४० अंशांपर्यंतचीच असते. त्याला खाली आणा.

व्हेरिएबलची एक्सेल शीट

साचा चांगला असला तरी शाखांचे आकडे शेवटी एका शीटमधूनच येतात, आणि ती शीट कुणीतरी घाईत भरलेली असते. चाळीसगावची ओळ कॉपी करून पाचोऱ्याची बनवली आणि साइट आयडी (शाखेच्या जागेचा क्रमांक) बदलायचा राहिला, तर सिस्कोची प्रणाली दोघींना एकच जागा समजते आणि त्यांच्यात टनेल बांधत नाही. सिस्टिम आयपी (प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र ओळख) दोनदा आला तर त्याहून वाईट. मग एक शाखा उठली की दुसरी पडते, आणि तुम्ही दोन्हीकडच्या लिंका तपासत बसता.

एक्सेलची स्वतःची खोडही ध्यानात घ्या. सिमचा आयसीसीआयडी (सिमकार्डाचा अनुक्रमांक) एकोणीस-वीस अंकी असतो. एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. सुरुवातीची शून्यंही खातं, मग पिन चुकतो. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. आणि शाखेतून मराठी कीबोर्ड सुरू ठेवून कुणी पत्ता देवनागरी आकड्यांत टाइप करून पाठवला, तर डोळ्यांना तो बरोबर दिसतो, कंट्रोलरला नाही.

नावांचा घोळ वेगळाच. शहादा, चोपडा, पारोळा, प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि एकाच शाखेची दोन उपकरणं दोन नावांनी नोंदली जातात. म्हणून नावावर काहीच बांधू नका, क्रमांकावर बांधा.

मग साचा कसा असावा

क्रमांकासाठी मी सरळ आरटीओचा आकडा घेतो. धुळे १८, जळगाव १९, नंदुरबार ३९. गाडीच्या नंबरप्लेटमुळे हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर आहेत. जळगाव जिल्ह्यातली सातवी शाखा म्हणजे साइट आयडी १९०७, आणि तिचं आतलं नेटवर्क १०.१९.७.०/२४. गेटवे शेवटी १, प्रिंटर २० पासून, संगणकांना डीएचसीपीने १०० ते २००. म्हणजे शाखा क्रमांक एकदा दिला की आतले सगळे पत्ते त्यातूनच निघतात, कुणाला टाइप करावे लागत नाहीत. हबवर जळगाव जिल्ह्याचा मार्ग १०.१९.०.०/१६ या एका ओळीत मावतो. आणि फोनवर कुणी १०.३९.४.२० वाचून दाखवला, की नकाशा न उघडता कळतं, नंदुरबारकडची चौथी शाखा, प्रिंटर.

साचे गावांच्या नावाने करू नका. "चोपडा टेम्प्लेट" बनलं की पुढच्या वर्षी चोपड्याची लिंक बदलते आणि नाव तेवढं उरतं. साचा लिंकच्या प्रकारानुसार करा. खान्देशातल्या बहुतेक शाखा तीन प्रकारांत बसतात: ओएनटीमागचं फायबर, स्थिर पत्त्याची लीज्ड लाइन, आणि फक्त ४जी. वॅनचा तुकडा प्रकारानुसार वेगळा, बाकी सगळं (आतलं नेटवर्क, फायरवॉल, लॉग, वेळ) सगळ्यांना एकच. चोपड्याला लीज्ड लाइन मिळाली की तिचा वॅनचा तुकडा बदलायचा, नवा साचा करायचा नाही.

एवढं झालं की व्हेरिएबल फार थोडे उरतात: शाखा क्रमांक, लिंकचा वेग, आणि असेल तर स्थिर पत्ता किंवा पीपीपीओईचं लॉगिन. तुमच्या शीटमध्ये आज चाळीस रकाने असतील, तर त्यातले बरेचसे सगळ्या शाखांत एकसारखे भरलेले सापडतील. ते व्हेरिएबल नव्हतेच, ते साच्यात जायला हवेत. याउलट, साच्यात पक्की असलेली पण एखाद्या शाखेत दोनदा हाताने बदलावी लागलेली ओळ व्हेरिएबल व्हायला हवी, किंवा ती शाखा चुकीच्या प्रकारात टाकलेली आहे. धडगावचं बहुधा हेच. फायबरच्या साच्यात फक्त ४जी असलेली शाखा.

लिंकचा वेग मुद्दाम ठेवलाय. तो न देता साच्यात १०० एमबीपीएस पक्का केला, तर २० एमबीपीएसच्या शाखेत शेपिंगला (लिंकच्या वेगानुसार ट्रॅफिक आवरण्याला) अर्थ राहत नाही आणि बॅकअप चालू झाला की कॅशियरचं सॉफ्टवेअर थांबतं.

ट्रॅफिक एका लिंकवरून दुसरीवर कधी न्यायचं याच्या मर्यादाही प्रकारानुसारच ठेवा. आवाजासाठी एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, हा आयटीयू या दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीचा आकडा. तो फायबरला ठीक. सातपुड्यातल्या ४जीवर संध्याकाळी तो मोडणारच, आणि मग ट्रॅफिक दर काही मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारतं. एकच लिंक असलेल्या शाखेत तर उडी मारायला दुसरीकडे जागाच नाही, नुसते इशारे साचत राहतात. तिथे मर्यादा सैल करा, आणि दोन लिंका असतील तर परत येण्याआधी काही मिनिटं थांबायला लावा.

दोन लिंकांवरून आठवलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका. तालुक्याच्या गावात दोन्ही केबली बऱ्याचदा एकाच रस्त्याने आणि एकाच खांबावरून येतात. जेसीबी एक तोडतो तेव्हा दुसरीही तोडतो. दुसरी लिंक ४जीचीच असू द्या, संथ असली तरी.

जुन्या शाखा नव्या साच्यात आणताना

पुश करण्याआधी नेहमी पडणाऱ्या शाखेचं चालू कॉन्फिगरेशन काढून ठेवा आणि कंट्रोलर दाखवतो त्या फरकाशी ताडून बघा. वीस शाखांचा फरक कुणी वाचत नाही, हे मान्य. नेहमी पडणाऱ्या त्या दोन शाखांचा वाचा. पुसल्या जाणाऱ्या लाल ओळी म्हणजेच आजवर कुणीकुणी हाताने केलेल्या दुरुस्त्या. प्रत्येक ओळीची कुठे तरी सोय झाली पाहिजे: साच्यात, व्हेरिएबलमध्ये, किंवा कचऱ्यात. कुणी कधी घातली हे कुणालाच आठवत नाही अशीही एखादी ओळ निघते. ती कशासाठी आहे हे समजल्याशिवाय पुसू नका.

पहिला पुश प्रत्येक प्रकारातल्या एकाच शाखेवर. रोलबॅकची वेळ चालू आहे ना हे बघा, आणि ४जीसाठी ती थोडी वाढवा, कारण तिथे टनेल सावकाश उठतो. गावाचा आठवडे बाजार असेल तो दिवस टाळा, त्या दिवशी काउंटरवर रांग असते. पुशनंतर पिंगवर समाधान मानू नका. शाखेतून एक मोठी फाइल वर चढवून बघा, एक प्रिंट काढा, आणि राउटर एकदा बंद करून चालू करायला सांगा. वेळ आणि डीएनएसचा घोळ रीस्टार्टशिवाय उघडा पडत नाही.

धडगावसारख्या ठिकाणी पुश करण्याआधी शाखेत कुणी माणूस हजर आहे याची फोनवर खात्री करा आणि मूळ कॉन्फिगरेशनची प्रत तिथल्या संगणकात ठेवा. नाहीतर कन्सोलची केबल घेऊन घाट चढावा लागेल.